उकैरची तांबडी रेघ

अरबस्तानच्या पूर्व किनाऱ्यावर, अल्-हसाच्या विस्तीर्ण खजुरीबनांना समुद्राशी जोडणारे उकैर नावाचे एक जुने बंदर आहे. तुर्की अमदानीत तेथे एक गढी, मालाच्या वखारी आणि जकातीची कचेरी होती. हिंदुस्थानातून येणारा तांदूळ आणि कापड या धक्क्यावर उतरे आणि उंटांच्या तांड्यांवर लादून हुफूफच्या बाजारपेठेकडे व तेथून पुढे नज्दच्या अंतर्भागात रवाना होई. १९२२ च्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस या ओसाड किनाऱ्यावर एकाएकी तंबूंचे एक लहानसे नगर उभे राहिले. नऊ वर्षांपूर्वी हा सारा हसा प्रांत तुर्कांच्या हातून ज्यांनी हिसकावून घेतला होता, ते नज्दचे सुलतान अब्दुल अझीझ इब्न सऊद आपल्या लव्याजम्यानिशी येथे पाहुण्यांची वाट पाहत होते. आणि पाहुणे समुद्रमार्गे यावयाचे होते ते इराकमधील ब्रिटिश हाय कमिशनर सर पर्सी कॉक्स यांच्या समवेत. काम एकच होते. इराक, नज्द आणि कुवेत या तीन शेजारी राज्यांच्या सरहद्दी कायमच्या ठरवून टाकावयाच्या होत्या.

कॉक्स हे नाव आखातात दोन दशके गाजत होते. अरबांच्या तोंडी त्याचा उच्चार ‘कोकुस’ असा होई आणि वाळवंटातील सामान्य बदूलाही तो ओळखीचा होता. उंच, मितभाषी, तासन् तास समोरच्याचे ऐकून घेणारा आणि अखेरीस थोडक्यात निकाल देणारा असा हा अंमलदार मूळचा हिंदुस्थानी लष्करातला; १८९९ साली मस्कतला, १९०४ पासून बुशहरच्या रेसिडेन्सीत, आणि १९१४ च्या युद्धात इराककडे गेलेल्या फौजेबरोबर मुख्य राजकीय अधिकारी म्हणून, अशी त्याची चढती कारकीर्द. परंतु त्या कारकिर्दीच्या अगदी आरंभीची दोन लहान ठाणी मराठी वाचकाने अवश्य ध्यानी ठेवावीत: कोल्हापूर आणि सावंतवाडी. आखाताकडे जाण्यापूर्वी तरुण कॉक्सने मुलकी कारभाराचे पहिले धडे या दोन मराठी संस्थानांत गिरविले. त्यात नवल असे काही नव्हते. बुशहरचा रेसिडेंट १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्याच हुकमतीखाली होता, त्यानंतरही तो हिंदुस्थान सरकारला जबाबदार राहिला, आणि कुवेतच्या बाजारात विसाव्या शतकाचा बराच काळ हिंदुस्थानचा रुपया हेच चलन होते. अरबी राज्यांच्या हद्दी आखणारे बहुतेक हात देशी संस्थानांच्या दप्तरांत तयार झालेले होते.

आपल्याकडे हद्द म्हटली की शीव आली, शिवेचा दगड आला, ओढा आला, बांध आला. मराठी मुलखातील शिवेच्या वादात गावच्या महाराची साक्ष निर्णायक मानली जाई, कारण कोणता दगड कोणाच्या आज्याने कोठे रोवला हे त्याच्या स्मरणात असे. आणि त्या साक्षीला अर्थ होता तो जमीन स्थिर, शेत स्थिर आणि शेतकरीही स्थिर म्हणूनच. कोल्हापूर आणि सावंतवाडीच्या दप्तरांत हद्द ही अशी जमिनीला खिळलेली वस्तू होती. उकैरच्या तंबूत जो प्रश्न उपस्थित झाला तो या कल्पनेला मुळातूनच छेद देणारा होता.

कारण वाळवंटात जमीन स्थिर असली तरी माणूस स्थिर नसतो. पहिला पाऊस पडला, रेताड मैदानांवर कोवळे गवत उगवले, की मुतैर, अजमान, झफीर, शम्मर, अनझा या टोळ्या आपले उंट घेऊन शेकडो मैल निघत; ओल्या चाऱ्यावर उंट कित्येक दिवस पाण्यावाचून राहतो, म्हणून हिवाळ्यात टोळी विहिरीपासून दूर दूर पसरे; आणि उन्हाळा पेटला की त्याच टोळीला आपल्या परंपरेच्या विहिरींवर परतून तळ ठोकावा लागे. अशा फिरस्तीच्या टापूला ‘दीरा’ म्हणत. एका टोळीचा दीरा दुसरीच्या दीऱ्यात मिसळे, चांगल्या पावसाच्या वर्षी विस्तारे, अवर्षणात आकुंचन पावे. नकाशावर त्याची कड दाखविणे अशक्य होते. राजसत्तेची ओळखही जमिनीवरून होत नसे, ती होई झकातीवरून. आपल्या भाषेत जकात हा शब्द नाक्यावरील मालाच्या कराला चिकटून बसला आहे. मूळ अरबी झकात हे धर्माने सांगितलेले दान. टोळी ज्याला झकात देई त्याचा तिच्यावर अंमल, आणि ती टोळी ज्या विहिरीवर उतरे तेथवर त्याचे राज्य, असा हा सरळ हिशोब होता. इब्न सऊद म्हणत होते की हद्द ठरवावयाची असेल तर टोळ्यांची ठरवा, वाळूची नको. कॉक्स यांना पाहिजे होती ती युरोपात असते तशी निश्चित, अक्षांश-रेखांशांनी सांगता येणारी सरहद्द.

एक लेखी दस्तऐवज मात्र आधीच अस्तित्वात होता, आणि तो कुवेतच्या बाजूचा होता. २९ जुलै १९१३ रोजी ब्रिटन आणि तुर्कस्थान यांच्यात एक करार झाला. त्याच्या नकाशावर कुवेत शहर मध्यबिंदू धरून एक तांबडे वर्तुळ काढलेले होते आणि त्याच्या बाहेर, दक्षिणेकडे दूरवर गेलेली एक हिरवी रेघ होती. तांबड्या वर्तुळात कुवेतच्या शेखांची संपूर्ण स्वायत्तता. हिरव्या रेघेपर्यंतच्या टापूतील टोळ्या कुवेतच्या आश्रित, त्यांच्याकडून वसूल घेण्याचा हक्क शेखांचा. हा करार मंजुरीच्या शिक्क्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच महायुद्ध सुरू झाले. तरीही कुवेतमध्ये त्या हिरव्या रेघेवर विश्वास होता, आणि तो अनाठायी म्हणता येत नाही. कारण १८९९ च्या जानेवारीत शेख मुबारक यांनी ब्रिटिश सरकारशी जो तह केला त्यान्वये त्यांनी स्वतःला आणि आपल्या वारसांना बांधून घेतले होते की ब्रिटिशांच्या संमतीवाचून आपल्या मुलखाचा कोणताही भाग कोणत्याही परसत्तेला देणार नाही, विकणार नाही, गहाण टाकणार नाही. ज्याने आपला मुलूख दुसऱ्याला न देण्याचे वचन दिले, त्याचा मुलूख त्याच वचनाचा धनी परस्पर देऊन टाकील, ही शंका त्या वेळी कोणाच्या मनात आली असेल?

दरम्यान नज्दच्या अंतर्भागात एक नवी शक्ती उभी राहिली होती. इब्न सऊद यांनी भटक्या टोळ्यांना ठिकठिकाणी वसाहती करून देऊन, धर्मोपदेशकांच्या शिकवणीखाली आणून, त्यांचे ‘इख्वान’ म्हणजे बंधुसंघ घडविले. त्यांतील मुतैर टोळीचा प्रमुख फैसल अल्-दुवैश हा सर्वांत पराक्रमी आणि सर्वांत दुर्दम्य. १९२० च्या मे महिन्यात हम्ध येथे त्याच्या स्वारांनी कुवेतच्या सैन्याचा धुव्वा उडविला. त्या वार्तेने हादरलेल्या कुवेतवासीयांनी उन्हाळ्याच्या भर कडाक्यात, आबालवृद्धांनी माती वाहून, थोड्याच महिन्यांत शहराभोवती तट उभारला. हा तट १९५७ पर्यंत टिकला आणि त्याच्या वेशी अद्यापि उभ्या आहेत. ऑक्टोबरच्या १० तारखेस अल्-दुवैश शहराच्या पश्चिमेकडील जहरा या गावावर चालून आला. शेख सालिम तेथील तांबड्या गढीत आपल्या लोकांसह कोंडले गेले. पाणी संपत आले होते; परंतु गढी पडली नाही, आणि पुढे ब्रिटिश विमाने व युद्धनौका येऊन थडकल्यावर इख्वान माघारी फिरले. पुढच्या फेब्रुवारीत शेख सालिम वारले. त्यांचे पुतणे शेख अहमद अल्-जाबिर त्या वेळी समेटाच्या बोलणीसाठी इब्न सऊद यांच्याच दरबारी गेलेले होते. वार्ता येताच इब्न सऊद यांनी त्यांना मोठ्या ममतेने सांगितले की माझा तंटा सालिमशी होता, तुझ्यामाझ्यात आता हद्दीची गरजच उरली नाही. शेख अहमद गादीवर बसण्यासाठी कुवेतला परतले ते हे आश्वासन पदरात घेऊन.

उत्तरेस इराकात १९२१ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिशांनी हाशिमी घराण्यातील फैसल यांना राजपद दिले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात इब्न सऊद यांनी हाइल जिंकून शम्मर अमिरांचे राज्य बुडविले, आणि पराभूत शम्मर कुटुंबे इराकच्या वाळवंटात आश्रयास पळाली. आता सौदी आणि हाशिमी ही दोन वैरी घराणी एकमेकांना थेट भिडली. १९२२ च्या मार्चमध्ये अल्-दुवैशने इराकच्या टोळ्यांवर अबू घार येथे भीषण हल्ला केला. ५ मे रोजी मुहम्मरा येथे घाईने एक तह करण्यात आला, त्यात मुंतफिक, झफीर आणि अमारात या टोळ्या इराकच्या आणि शम्मर नज्दचे, असे वाटप झाले; परंतु आपल्या वकिलाने मुखत्यारीची मर्यादा ओलांडली असे सांगून इब्न सऊद यांनी त्याला मंजुरी नाकारली. म्हणून उकैरची बैठक.

त्या बैठकीतील माणसांकडे एकदा नीट पाहिले पाहिजे. राजा फैसल यांच्या वतीने मंत्री सबीह बेग नशअत. त्यांच्यासोबत अमारात अनझांचे वयोवृद्ध शेख फहद बेग इब्न हधाल. कुवेतच्या वतीने मेजर मोर, म्हणजे कुवेतमधील ब्रिटिश पोलिटिकल एजंट. कॉक्स यांच्यासोबत दुभाष्याचे काम करणारे मेजर हॅरल्ड डिक्सन. बैरुतमध्ये जन्मलेले, अरबी मातृभाषेसारखी बोलणारे, बदूंवर जीव असलेले. याशिवाय दोन बाहेरचे: लेबनॉनी-अमेरिकन लेखक अमीन रिहानी, आणि न्यूझीलंडचे मेजर फ्रँक होम्स, जे हसा प्रांतातील तेलाचा परवाना मिळविण्यासाठी आले होते. वाळूवरची रेघ आणि वाळूखालचे तेल यांचा मुकाबला त्या तंबूतच प्रथम झाला, जरी त्या क्षणी कोणाच्याही हाती तेलाचा थेंब आलेला नव्हता. कुवेतचे शेख अहमद मात्र तेथे नव्हते. त्यांचा भाऊबंद नव्हता, त्यांचा एखादा कारकूनही नव्हता. ज्या तीन राज्यांची हद्द ठरावयाची त्यांपैकी एकाच्या बाजूने त्याच्या संरक्षकाचा नोकर बोलणार होता, आणि तो नोकर आपल्या वरिष्ठासमोर बसलेला होता.

सहा दिवस बोलणी चालली. डिक्सन यांनी आपल्या आठवणी १९५६ साली प्रसिद्ध केल्या, म्हणजे घटनेनंतर चौतीस वर्षांनी. म्हणून त्यांतील प्रत्येक शब्द प्रमाण मानू नये, पण प्रसंगाचे जे चित्र त्यांनी रेखाटले आहे त्यास तोड नाही. सबीह बेग यांनी इराकची हद्द रियाधपासून बारा मैलांवर आहे असा दावा मांडला. इब्न सऊद यांनी नोहाच्या काळापासूनचा हवाला देऊन उत्तरेस हलबपर्यंत आणि फरात नदीच्या तीराने बसऱ्यापर्यंत सारे वाळवंट आपल्या पूर्वजांचे म्हणून सांगितले. हे दावे अतिरेकी होते हे उघड आहे. परंतु त्यांना बाजारातील घासाघीस म्हणून उडवून देणे मला न्याय्य वाटत नाही. टोळीच्या दीऱ्यावरून राज्य मोजावयाचे ठरले तर शम्मर फरातकाठी उतरतात म्हणून नज्द फरातपर्यंत, हा निष्कर्ष त्या पद्धतीने सुसंगतच ठरतो. दोन्ही पक्ष खोटे बोलत नव्हते. ज्या मापाने ते मोजत होते ते माप कॉक्स यांच्या नकाशावर उमटतच नव्हते.

सहाव्या दिवशी कॉक्स यांचा संयम सुटला. अशा रीतीने वर्षभरातही काही निष्पन्न होणार नाही असे बजावून त्यांनी इब्न सऊद यांना एकांतात बोलाविले. तेथे डिक्सन यांच्याखेरीज तिसरे कोणी नव्हते. शाळेतील खोडकर मुलाला मास्तराने दटावावे तसे कॉक्स त्यांना बोलले, असे डिक्सन लिहितात, आणि ज्याच्या तलवारीने अर्धे अरबस्तान थरथरत होते तो पुरुष जवळजवळ कोसळला. आपण मला वाढविले, शून्यातून इथवर आणले, आपण मला पित्यासमान, आपण आज्ञा कराल तर राज्याचा अर्धा भागच काय, सगळेच देईन, अशा आशयाचे शब्द त्यांच्या तोंडून निघाले. त्या शब्दांत भक्ती किती आणि हिशोब किती हे ठरविणे कठीण. ब्रिटिश खजिन्यातून दरमहा मिळणारी तैनात आणि हाशिमी वैऱ्यांना लाभलेला ब्रिटिशांचा पाठिंबा, या दोहोंचे पूर्ण भान त्यांना होते.

त्यानंतर सर्वांची बैठक भरली. कॉक्स यांनी तांबडी पेन्सिल हाती घेतली आणि नकाशावर आखातापासून ट्रान्सजॉर्डनच्या सीमेजवळील जबल अनैझानपर्यंत रेघ ओढली. इराकला नज्दच्या दाव्यातला बराच मोठा टापू मिळाला. जेथे दोन्ही बाजूंचे उंट एकाच विहिरीवर येतात आणि काही केल्या वाटणी होत नाही, तेथे दोन ‘तटस्थ प्रदेश’ निर्माण करण्यात आले. एक इराक आणि नज्द यांच्यामध्ये, सुमारे ७,००० चौरस किलोमीटरचा, नकाशावर शंकरपाळीसारखा दिसणारा. दुसरा कुवेत आणि नज्द यांच्यामध्ये, सुमारे ५,७०० चौरस किलोमीटरचा. या प्रदेशांत दोन्ही सरकारांचे हक्क समसमान राहावयाचे होते. या एका कल्पनेपुरते कॉक्स यांच्या पदरी श्रेय टाकले पाहिजे; युरोपीय सरहद्दीच्या शास्त्रात न बसणारी ही सामायिक जमीन म्हणजे वाळवंटाच्या जुन्या न्यायाला दिलेली कबुलीच होती.

आणि कुवेत? तांबड्या वर्तुळाच्या बाहेरचा, हिरव्या रेघेपर्यंतचा दक्षिणेकडील सारा प्रदेश त्याच्या हातून गेला. त्याचा काही भाग तटस्थ प्रदेशात पडला आणि बाकीचा सरळ नज्दला. ज्या मुलखावर १९१३ च्या करारान्वये कुवेतचा हक्क होता त्याच्या सुमारे दोन-तृतीयांशावर एका बैठकीत पाणी सोडण्यात आले.

त्या रात्री नऊच्या सुमारास इब्न सऊद यांचे बोलावणे आले. भल्या मोठ्या दरबारी तंबूत ते एकटेच उभे होते. माझे अर्धे राज्य तुम्ही काढून घेतलेत, त्यापेक्षा सगळेच घ्या आणि मला निवृत्त होऊ द्या, असे म्हणत ते हुंदके देऊन रडू लागले. कॉक्स यांनी त्यांचा हात धरला आणि त्यांच्याही डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. तुमचे दुःख मी जाणतो, आणि म्हणूनच कुवेतचा दोन-तृतीयांश मुलूख तुम्हांला दिला आहे, असा सांत्वनाचा आशय कॉक्स यांच्या तोंडी डिक्सन यांनी घातला आहे. या प्रसंगाचे वर्णन मी अनेकदा वाचले, आणि दर वेळी त्या दोन थोर पुरुषांच्या अश्रूंपेक्षा मला तिसऱ्या, तेथे नसलेल्या माणसाचीच आठवण झाली. रडणाऱ्याचे अश्रू पुसले गेले ते अनुपस्थिताच्या मुलखाने.

शेख अहमद यांना ही वार्ता कॉक्स यांनी स्वतः कुवेतला जाऊन सांगितली. तेवढा धीटपणा त्यांच्या अंगी होता. मला न विचारता हे का केले, असे शेखांनी विचारले. या दुर्दैवी प्रसंगी लेखणीपेक्षा तलवार बलवत्तर ठरली, आणि हा मुलूख मी दिला नसता तर इब्न सऊद यांनी आज ना उद्या काही कुरापत काढून तो, किंबहुना अधिकच, बळाने घेतला असता, असे कॉक्स यांचे उत्तर होते. मग लहान राष्ट्रांच्या हक्कांसाठीच तुम्ही महायुद्धात उतरला होतात ना, असे शेखांनी विचारले, आणि कॉक्स यांना होय म्हणावे लागले. शेवटी शेखांनी विचारले की इब्न सऊद यांच्या मागे मी माझे आजोबा मुबारक यांच्यासारखा प्रबळ झालो आणि ही अन्याय्य रेघ झुगारून देऊन गेलेला मुलूख परत घेतला, तर तुमचे सरकार हरकत घेईल काय? कॉक्स हसले, नाही म्हणाले आणि देव तुम्हांला यश देवो असा आशीर्वादही दिला. हा संवादही डिक्सन यांच्याच लेखणीतून आला आहे. तो जर निम्मा खरा असेल, तरी त्यातील तरुण शेखांचे प्रश्न कोणत्याही न्यायासनासमोर टिकतील असे आहेत, आणि कॉक्स यांची उत्तरे टिकणार नाहीत.

कॉक्स यांच्या बाजूने जे म्हणता येईल ते म्हटले पाहिजे. जहराचे रक्त ताजे होते. इख्वानांना थोपविण्यासाठी वाळवंटात फौज पाठविण्यास लंडन तयार नव्हते. निश्चित रेघ नसेल तर लूट आणि सूड यांना अंत नाही, हे त्यांचे अनुमानही चुकीचे नव्हते. परंतु हे सारे मान्य केल्यावरही, संरक्षण पत्करलेल्याचा मुलूख देऊन बलवानाची शांती विकत घेणे हे संरक्षण नव्हे, आणि त्याला कितीही मुत्सद्देगिरीचे नाव दिले तरी ते नव्हे.

रेघेने शांती तरी आली काय? उकैरच्या करारात दोन कलमे विहिरींविषयीची होती. एकात नज्दच्या टोळ्यांना, स्वतःच्या हद्दीतील पाण्यापेक्षा जवळ असेल तर, इराकच्या विहिरीवर येण्याची मुभा दिली होती. दुसऱ्यात दोन्ही सरकारांनी सरहद्दीच्या आसपासच्या विहिरींवर गढ्या बांधू नयेत व तेथे सैन्य गोळा करू नये असे ठरले होते. या ‘आसपास’ शब्दाने पुढे माणसे मारली. १९२७ साली इराक सरकारने बुसैया येथील विहिरींपाशी पोलीस चौकी उभारण्यास आरंभ केला. बुसैया रेघेपासून पुष्कळ मैल आत आहे, सबब ती ‘आसपास’ नव्हे, असे बगदादचे म्हणणे. आणि मुतैरांच्या दृष्टीने ज्या विहिरीवर उंट पोहोचतो ती आसपासच, मग नकाशातील मैल कितीही असोत. नोव्हेंबरात मुतैर त्या अर्धवट चौकीवर तुटून पडले आणि तेथील मजूर व शिपाई त्यांनी कापून काढले. ब्रिटिश विमानांनी वाळवंटात बाँब टाकले. इख्वान इब्न सऊद यांच्यावरच उलटले. ज्या बंधुसंघाने त्यांना राज्य मिळवून दिले होते त्यालाच १९२९ च्या मार्चमध्ये सिबिल्ला येथे त्यांनी मोडून काढले. फैसल अल्-दुवैशने १९३० च्या जानेवारीत ब्रिटिशांपाशी शरणागती पत्करली, त्यांनी त्यास इब्न सऊद यांच्या हवाली केले, आणि पुढच्या वर्षी तो रियाधच्या कैदेत मेला. त्याचा अपराध मोठा होता, हात रक्ताने माखलेले होते. पण ज्या पाण्यावर त्याच्या टोळीचे उंट पिढ्यान् पिढ्या उतरत होते त्याच्या दुसऱ्या बाजूस एक अदृश्य रेघ गेली आहे, ही गोष्ट त्याला कोणी समजावून सांगितल्याचा दाखला नाही.

कुवेतचे हाल निराळ्या प्रकारे झाले. मुलूख गेला तो गेलाच; वर कुवेतच्या बाजारात नज्दचे बदू जो माल घेतात त्यावरील जकात शेख अहमद यांनी आपल्या वतीने वसूल करावी अशी इब्न सऊद यांची मागणी होती, ती नाकारताच त्यांनी १९२३ पासून आपल्या टोळ्यांना कुवेतशी व्यापार करण्याची बंदी केली. ही नाकेबंदी १९३७ पर्यंत, चौदा वर्षे, चालली. त्याच काळात जपानी कृत्रिम मोत्यांनी आखाताच्या मोत्यांचा भाव पाडला, जगभर मंदी पसरली, आणि जे मोती घेऊन व्यापारी मुंबईच्या बाजारात येत त्यांना गिऱ्हाईक मिळेना. वाळवंटाकडचे दार मिटलेले आणि समुद्राकडचे दार ओस, अशा स्थितीत त्या लहानशा शहराने दिवस काढले. मग १९३८ च्या फेब्रुवारीत बुरगान येथे तेल लागले, आणि ते लागले तांबड्या वर्तुळाच्या आत, जी जमीन कॉक्स यांच्या पेन्सिलीतून उरली होती तिच्यात. तटस्थ प्रदेशातील वफ्रा येथे १९५३ साली तेल निघाले. तेव्हा उंटांच्या चाऱ्यासाठी राखलेली ती सामायिक जमीन एकाएकी अमोल झाली आणि १९६५ च्या करारान्वये दोन्ही राज्यांनी ती मधोमध वाटून घेतली, मात्र तेलाचे उत्पन्न समसमान ठेवले. इराककडील शंकरपाळी पुढे १९८१ च्या तहाने वाटली गेली.

कुवेत आणि इराक यांची परस्पर हद्द उकैरला ठरलीच नव्हती. १९२३ च्या एप्रिलमध्ये कॉक्स यांनी मेजर मोर यांना पत्राने कळविले, इतकेच. १९३२ साली तोच मजकूर पुन्हा पत्रोपत्री पक्का झाला. त्यातील वर्णन असे की रेघ बातिनच्या कोरड्या पात्राने उत्तरेस सफवानच्या अक्षांशाच्या किंचित दक्षिणेपर्यंत जाईल आणि तेथून सफवानच्या विहिरी इराककडे ठेवून पूर्वेस वळेल. किंचित म्हणजे किती? सफवानच्या दक्षिण टोकाच्या खजुरीच्या झाडापासून मोजावयाचे, असा व्यवहार पडला. तेथे लावलेली पाटी कधी नाहीशी होई, कधी पुन्हा उभी राही, आणि खजुरीचे झाड तर मरते आणि नवे लागते. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकचे रणगाडे ती रेघ ओलांडून कुवेतमध्ये घुसले. युद्ध झाले. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाला जुनी पत्रे, जुने नकाशे आणि विमानांतून घेतलेली छायाचित्रे पुढ्यात घेऊन त्या झाडाच्या जागेचा निकाल लावावा लागला, आणि १९९३ च्या मे महिन्यात सुरक्षा समितीने तो अंतिम म्हणून जाहीर केला.

दुसरी रीत नव्हती असे नाही. १९५० च्या दशकात आखाताच्या दक्षिणेस, ज्यांना तेव्हा तहबंद राज्ये म्हणत, त्यांच्या आपसांतील हद्दी ठरविण्याचे काम ज्युलियन वॉकर या तरुण ब्रिटिश अधिकाऱ्याकडे आले. तो डोंगरांतून आणि कोरड्या नदीपात्रांतून गावोगाव हिंडला, म्हाताऱ्यांना विचारीत गेला की तुम्ही कोणाला आपला शेख मानता, झकात कोणाला देता, हे रान कोणाचे. त्यातून जो नकाशा निघाला तो गोधडीसारखा ठिगळाठिगळांचा: अमिरातींच्या पोटात ओमानचे मधा हे गाव, आणि मधाच्या पोटात पुन्हा शारजाचे नहवा. सरळ रेघांच्या शौकिनांना हा नकाशा कुरूप वाटेल. पण त्या गावांतील माणसांना निदान कोणी विचारले तरी होते.

उकैरच्या बंदरातील तुर्की गढी आणि वखारी आज पुराणवस्तू म्हणून जपल्या आहेत. २ डिसेंबर १९२२ रोजी तेथे झालेल्या कुवेत-नज्द कराराची प्रत आजही छापील संग्रहांत पाहावयास मिळते. नज्दच्या बाजूने तिच्यावर सुलतानांचे प्रतिनिधी अब्दुल्ला दमलूजी यांची सही आहे. कुवेतच्या बाजूने सही आहे ती मेजर मोर यांची. त्या दोन सह्यांखाली, मजकूर मान्य असल्याची शेख अहमद यांची कबुली आहे.